अपघातानंतरच्या अहवालात गावाचं नाव शोधा

जुलै-ऑगस्ट आला की डीमॅट खातं असलेल्यांच्या ईमेलवर कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागतात. एकेक पीडीएफ तीनशे-चारशे पानांची. बहुतेक जण लाभांश किती तेवढं बघतात आणि ती बंद करतात. पण हल्ली त्यातली बरीच पानं कारखान्याचा धूर, सांडपाणी, कामगारांची सुरक्षा आणि शेजारची वस्ती यांच्याबद्दल असतात. एखाद्या ठिकाणी वायू गळला, स्फोट झाला किंवा नदीत रसायन गेलं, तर पुढच्या वर्षी ही पानं वाढतात. कंपनी किती काळजी घेते आहे, याचे फोटो आणि आलेख येतात.

ही पानं का वाढतात आणि वाढलेल्या पानांतून आपल्याला खरं काय कळतं, हे बघायचं तर सुरुवात ब्राझीलपासून केलेली बरी.

## १०० टक्के बांध स्थिर

लोहखनिज धुऊन घेतलं की मागे पाणी मिसळलेला बारीक गाळ उरतो. तो साठवायला खाणीजवळ बांध घालतात. गोव्यात डिचोली-सांगे भागातल्या लोकांना हे टेलिंग पाँड परिचयाचे आहेत. इथे आपण त्याला गाळबांध म्हणू.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, ब्रुमाजिन्यो गावाजवळ, व्हाले या बलाढ्य खाण कंपनीचा असा एक गाळबांध होता. उंची ८६ मीटर. त्यात नवा गाळ टाकणं २०१६ मध्येच थांबलं होतं, पण आत जवळजवळ १ कोटी २० लाख घनमीटर गाळ तसाच होता. २५ जानेवारी २०१९ ला दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी तो फुटला. बहुतेक गाळ पाच मिनिटांच्या आत बाहेर आला. कामगारांचं कँटीन बांधाच्या खालच्या अंगाला होतं आणि वेळ जेवणाची होती. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. २७० माणसं गेली. मृतांत दोन गरोदर बायका होत्या, म्हणून तिथली कुटुंबं आजही २७२ असाच आकडा सांगतात.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्याआधी नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याच राज्यात, मारियाना इथे सामार्को कंपनीचा गाळबांध फुटून १९ माणसं मेली होती आणि दोसी नदी चिखलाने भरून गेली होती. सामार्कोची निम्मी मालकी व्हालेची होती. म्हणजे २०१६ ते २०१८ या काळातले व्हालेचे अहवाल एका मोठ्या अपघातानंतरचे अहवाल होते. सगळं जग गाळबांधांबद्दलच विचारत होतं, आणि अहवालांत गाळबांधांबद्दल लिहिलेलंही होतं. कंपनी सर्वांत कडक आंतरराष्ट्रीय पद्धती पाळते आणि तिच्या १०० टक्के बांधांना स्थैर्याचं प्रमाणपत्र आहे, असं गुंतवणूकदारांना सांगितलं गेलं होतं.

अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था, आपल्याकडच्या सेबीसारखी, एसईसी नावाची आहे. व्हालेचे शेअर न्यूयॉर्कमध्येही विकले जातात. एप्रिल २०२२ मध्ये एसईसीने व्हालेवर खटला भरला. आरोप असा, की हा बांध आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही हे कंपनीला ठाऊक होतं आणि तरीही अहवालांतून उलट चित्र उभं केलं गेलं. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ५ कोटी ५९ लाख डॉलर द्यायचं मान्य करून हे प्रकरण मिटवलं. गेलेल्या माणसांच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली: पर्यावरणाच्या अहवालातलं वाक्य हे जाहिरातीतलं वाक्य नसतं, त्याचा जाब कोर्टात विचारता येतो.

## या अहवालांचा जन्मच अपघातांतून झाला

आपल्याला वाटतं, हे सगळं परदेशातल्या मोठ्या परिषदांमधून आलं असेल. खरं तर त्याचा एक धागा थेट भोपाळपर्यंत जातो. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तेव्हा शेजारच्या वस्तीला आत कोणतं रसायन साठवलंय याची कल्पना नव्हती. जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही सुरुवातीला अंधारातच चाचपडावं लागलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये याच कंपनीच्या अमेरिकेतल्या, वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यात गळती झाली आणि तिथले लोक घाबरले. १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला: प्रत्येक मोठ्या कारखान्याने कोणतं विषारी रसायन किती सोडलं, हे दरवर्षी जाहीर करायचं. कंपनीची एकूण बेरीज चालणार नाही, प्रत्येक कारखान्याचं वेगळं द्यायचं, आणि ते कुणालाही बघता आलं पाहिजे.

भोपाळच्या लोकांच्या वाट्याला जे आलं, त्यातून अमेरिकेतल्या शेजाऱ्यांना माहितीचा हक्क मिळाला. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा धागा अलास्कातला. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. त्याच वर्षी गुंतवणूकदार आणि पर्यावरण संघटनांनी मिळून कंपन्यांसाठी आचारतत्त्वं तयार केली. त्यांना सुरुवातीला त्या जहाजाचंच नाव होतं, व्हाल्डीझ तत्त्वं. या मंडळींची आघाडी सेरेस या नावाने ओळखली जाते. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकारातून जीआरआय सुरू झालं, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दल कंपनीने काय सांगावं याचा नमुना ठरवणारी संस्था. आज जगभरातल्या हजारो कंपन्या तो नमुना वापरतात.

भारतात सेबीने २०१२ मध्ये बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांपासून सुरुवात केली. आता पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जो अहवाल सक्तीचा आहे, त्याला बीआरएसआर म्हणतात: व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. सीएसआरशी त्याची गल्लत करू नका. सीएसआर म्हणजे नफ्यातले दोन टक्के शाळा, दवाखाना, झाडं यांवर खर्च करायचे. बीआरएसआर म्हणजे मुख्य धंदा करताना तुम्ही हवा, पाणी आणि माणसं यांचं काय केलंत, ते सांगायचं. कायद्याने जे करणं भागच आहे त्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणून अपघातानंतर अहवालात आरोग्य शिबिराचे फोटो दिसले, तर ते कुठल्या मथळ्याखाली आहेत हे पाहावं.

## पानं का वाढतात?

एक्सॉनच्या अपघातानंतर डेनिस पॅटन या अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली. त्यांनी एक्सॉन सोडून इतर तेल कंपन्यांचे अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे वार्षिक अहवाल मोजून पाहिले. १९९२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या जहाजाने काहीही सांडलं नव्हतं त्या कंपन्यांनीही पर्यावरणावरचा मजकूर वाढवला होता. कंपनी जेवढी मोठी, तेवढी वाढ जास्त. अलास्कातली तेलवाहिनी चालवणाऱ्या संस्थेत ज्यांची भागीदारी होती, त्यांचीही जास्त.

कारण समजायला आपला शेजारच पुरे आहे. गल्लीतल्या एका घरी सिलिंडरचा स्फोट झाला, की दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे 'आमची नळी गेल्याच महिन्यात बदलली' असं सांगू लागतात. ते खोटं बोलतात असं नाही. लोकांचा आपल्यावरचा भरवसा टिकावा, ही त्यांची गरज असते. कंपनीचंही तसंच. तिला जमीन, पाणी, परवाने आणि कर्ज समाजाकडून मिळतं. तो भरवसा हलला की ती बोलू लागते. अभ्यासक याला वैधतेचा सिद्धांत म्हणतात, म्हणजे समाजाची मान्यता टिकवण्यासाठी बोलणं. तो शब्द इथेच सोडू.

अडचण अशी, की भरवसा टिकवण्यासाठी केलेलं बोलणं आणि घडलेलं सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने पानं वाढतात. दुसऱ्यासाठी अनेकदा दोन पानं पुरतात.

## बेरजेत काय हरवतं

अपघात एका जागी होतो. तिथे एक ओढा असतो, एक वस्ती असते, एक विहीर असते. अहवाल मात्र सगळ्या कंपनीचा असतो. पंधरा कारखान्यांचं सांडपाणी एकत्र मोजलं, की एका कारखान्यातून ओढ्यात गेलेलं रसायन त्यात दिसेनासं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेत एकूण ७८ टक्के असले तरी गणितात नापास झालेला मुलगा नापासच असतो, आणि ते कळतं, कारण गुणपत्रिकेवर प्रत्येक विषय वेगळा छापलेला असतो. बीआरएसआरमध्ये धूर आणि पाण्याचे सक्तीचे आकडे बहुतांशी कंपनीच्या एकूण बेरजेत मागितलेले आहेत. त्यात नापास झालेला विषय दिसत नाही.

'१०० टक्के बांधांना प्रमाणपत्र' हेही असंच बेरजेचं वाक्य होतं. ब्रुमाजिन्योच्या त्या एका बांधाबद्दल वेगळं विचारलं असतं तर? बांधावर येणाऱ्या भाराच्या तुलनेत त्याची ताकद किती पट आहे, याला सुरक्षांक म्हणतात. १ म्हणजे ताकद आणि भार अगदी बरोबरीत, जरा इकडेतिकडे झालं की संपलं. अशा बांधासाठी १.३ असावा असं तज्ज्ञ धरतात. या बांधाचा २०१८ च्या तपासणीत १.०९ आला होता. हा एक आकडा एखाद्या अहवालात बांधाच्या नावासकट छापला असता, तर खाली कँटीन असावं का, हा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

माहिती हरवण्याची दुसरी जागा म्हणजे दर. अहवालात अनेकदा 'प्रति रुपया उलाढाल' इतकं पाणी, इतकं प्रदूषण असं लिहितात. पगार दुप्पट झाला म्हणून वीजबिल पगाराच्या मानाने कमी वाटेल, पण मीटर तेवढाच फिरला किंवा जास्तच फिरला. ओढ्यातल्या माशाला कंपनीची उलाढाल कळत नाही. त्याला पाण्यात गेलेले किलो कळतात. दर वाचा, पण शेजारचा एकूण आकडाही वाचा.

तिसरी जागा मला सर्वांत जास्त खुपते. बीआरएसआरच्या सुरक्षेच्या तक्त्यात मृत्यूंचा आकडा द्यावा लागतो, पण तो कर्मचारी आणि कामगारांचा. भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला त्या तक्त्यात रकाना नाही. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला स्टायरीन वायू गळला, तेव्हा मेलेली माणसं आसपासच्या वस्तीतली होती. अशा घटनेची नोंद त्या तक्त्यात शून्य अशीच होईल, आणि नियमाप्रमाणे ती बरोबरही असेल.

## 'पण बाहेरच्या संस्थेने तपासलेलं असतं ना?'

हा रास्त प्रश्न आहे. सेबीने बीआरएसआरमधल्या निवडक आकड्यांसाठी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी टप्प्याटप्प्याने लागू केली, सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून. ती हवीच. पण तपासणी म्हणजे नेमकं काय, ते कळलं पाहिजे.

जुनी स्कूटर घ्यायला गेलात आणि मेकॅनिकने चक्कर मारून 'काही वावगं दिसलं नाही' म्हटलं, ही एक तपासणी. त्याने इंजिन उघडून 'मी बघितलं, ठीक आहे' म्हटलं, ही दुसरी. अहवालाच्या शेवटी जोडलेल्या पत्रात या दोन्हींतलं कुठलं वाक्य आहे ते शोधावं. 'आमच्या निदर्शनास काही आलं नाही' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर ती पहिली तपासणी. दोन्ही प्रकारांत तपासनीस कंपनीने दिलेला आकडा बरोबर आहे का ते पाहतो. जो प्रश्न नमुन्यातच नाही, तो त्यानेही विचारलेला नसतो.

शिवाय त्याचे पैसे कोण देतं? ब्रुमाजिन्योच्या बांधाला सप्टेंबर २०१८ मध्ये, फुटण्याच्या चार महिने आधी, टीयूव्ही सूद या जर्मन कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेने स्थिर ठरवलं होतं. तपासायचं काम व्हालेनेच दिलेलं होतं. सुरक्षांक १.०९ असताना प्रमाणपत्र मिळालं होतं.

## 'प्रकरण कोर्टात असताना कंपनी कशी बोलेल?'

चूक कोणाची, हे कंपनीने अहवालात लिहावं अशी अपेक्षा कोणीच करत नाही. पण कोणतं रसायन होतं, अंदाजे किती बाहेर गेलं, कुठल्या तारखांना विहिरीचं पाणी तपासलं आणि त्यात काय आढळलं, किती कुटुंबांना हलवलं, किती परतली, यात कबुलीजबाब कुठेही नाही. ती घडलेल्या गोष्टींची नोंद आहे. जीआरआयच्या नमुन्यात मोठ्या गळतीची जागा, प्रमाण आणि पदार्थ द्यायची सोय फार पूर्वीपासून आहे.

आणि कंपनी पूर्ण गप्प नसतेच. याच अहवालात, रंगीत पानं संपल्यावर, बारीक अक्षरात हिशेबाच्या टिपा असतात. त्यांत 'आकस्मिक देणी' असं एक कलम असतं: जे पैसे कदाचित द्यावे लागतील, पण अजून नक्की नाही. हरित लवादाचा दंड, नुकसानभरपाईचे दावे, प्रदूषण मंडळाच्या नोटिशी इथे सापडू शकतात. कारण इथे गप्प राहिलं तर हिशेब तपासनीस सही करायला कचरतो. माझा सल्ला साधा आहे. अपघातानंतरच्या वर्षी अहवाल शेवटच्या पानांपासून वाचायला घ्या.

सूचीबद्ध कंपनीला महत्त्वाची घटना घडली की काही तासांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. ते पत्र बाजाराच्या संकेतस्थळावर कायम राहतं. त्या दिवशीचं पत्र आणि वर्षभराने आलेलं अहवालातलं पान शेजारी ठेवून वाचलं, की अहवालातून काय वगळलं ते डोळ्यांसमोर येतं.

## 'हे अहवाल वाचतं तरी कोण?'

ब्रुमाजिन्योनंतर दोन महिन्यांनी ज्यांनी वाचले, त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या चर्चमधल्या पाद्र्यांच्या पेन्शनचा पैसा सांभाळणारं एक मंडळ आहे. त्यांनी स्वीडनच्या सरकारी पेन्शन निधींना सोबत घेतलं आणि एप्रिल २०१९ मध्ये जगातल्या सुमारे ७०० खाण आणि तेल कंपन्यांना पत्र पाठवलं. त्यात धोरण काय, बांधिलकी काय, असलं काहीच विचारलेलं नव्हतं. प्रत्येक गाळबांधाचं नाव काय, तो नकाशावर कुठे आहे, उंची किती, कुठल्या पद्धतीने बांधलाय, शेवटची तपासणी कधी झाली, याआधी कधी स्थैर्याबद्दल शंका आली होती का, असे प्रश्न होते. उत्तरावर मुख्य अधिकाऱ्याची सही हवी, ते जाहीर संकेतस्थळावर टाकायचं, आणि मुदत काही आठवड्यांची.

अनेक मोठ्या कंपन्यांनी उत्तरं दिली. स्थैर्याबद्दल पूर्वी शंका आली होती, अशीही कबुली काही बांधांबद्दल आली. पुढे ही माहिती सगळ्यांसाठी खुली झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये गाळबांधांसाठी जागतिक मानक तयार झालं. अपघातानंतरचा अहवाल कसा असावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. यात लेखनकौशल्य कुठेही नाही. एक तक्ता, आणि प्रत्येक ओळीला एका जागेचं नाव.

## डोंबिवलीच्या कारखान्याचा अहवाल कुठे मिळेल?

इथे आपल्या दाराशी येऊ. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली, लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा बहुतेक कारखान्यांचे मालक शेअर बाजारात नसतात. बीआरएसआर त्यांना लागूच होत नाही. तळोजा, लोटे, कुरकुंभ, कुठेही जा, भिंतीला लागून राहणाऱ्यांसाठी धोका मोठ्या कंपनीचा आणि छोट्या कंपनीचा सारखाच असतो, पण अहवाल फक्त मोठीचा.

'छोट्यांना एवढा कागदी व्याप परवडणार नाही' हा आक्षेप इथे येतो आणि तो अर्धा खरा आहे. चाळीस पानांचा अहवाल त्यांच्याकडून मागू नये. पण जागेवारी माहिती देण्याचं बंधन १९९० च्या दशकापासून त्यांच्यावर आहेच. प्रदूषण मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरण द्यायचं असतं. अधिकाऱ्यांच्या भाषेत फॉर्म पाच. त्या एका कारखान्याचं पाणी किती, कच्चा माल किती, हवा-पाण्यात काय सोडलं, घातक कचरा किती, हे सगळं त्यात असतं. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांनी शेजारच्या लोकांनाही धोक्यांची माहिती द्यावी, असं कारखाने कायद्यातही घातलं गेलं. म्हणजे माहिती लिहिली जाते. ती फाइलमध्ये राहते. फॉर्म पाच माहितीच्या अधिकारात मागता येतो, आणि सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने मिळून मागितला तर जास्त बरं. अर्जात कारखान्याचा प्लॉट क्रमांक घाला आणि सलग तीन वर्षांचे मागा, म्हणजे अपघाताच्या आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येईल.

आणि ज्यांच्याकडे त्या जाडजूड पीडीएफ येतात, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं काम. फाइल उघडा आणि शोधाच्या चौकटीत जिथे घटना घडली त्या गावाचं नाव टाका. नाव आलंच नाही, तर कंपनीला तसं ईमेलने विचारा. वार्षिक सभेत शेअरधारकाला प्रश्न विचारता येतो, मग त्याच्याकडे एकच शेअर असो. नाव आलं, तर ते सीएसआरच्या फोटोखाली आलंय की आकड्यांच्या ओळीत, ते बघा. मग तक्रारींच्या तक्त्यावर या. त्यात 'समुदाय' अशी एक ओळ असते: वर्षभरात आसपासच्या लोकांच्या किती तक्रारी आल्या आणि किती शिल्लक आहेत. ज्या वर्षी वस्तीने रस्ता अडवला होता, त्या वर्षीच्या ओळीत शून्य लिहिलेलं असेल, तर पुढच्या सभेत पहिला प्रश्न त्या शून्याबद्दल विचारा.